मीटर कोणाच्या हातात?

माझ्या मावसभावाने परवा रात्री फोन केला आणि एकच प्रश्न विचारला. "भाई, गाडी घेऊ का?"

तो चोवीस वर्षांचा आहे, कौशात राहतो, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात अडकला तो अडकलाच. नवी मुंबई विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. शिळफाटा ओलांडला की तळोजा, कळंबोली आणि पुढे विमानतळ. मुंब्रा, कल्याण, डोंबिवली, भिवंडीतल्या कितीतरी पोरांनी सध्या हाच हिशोब मांडला आहे: सीएनजीची गाडी हप्त्यावर घ्यायची, अ‍ॅपला लावायची आणि रात्रीची विमाने पकडायची.

मला विचारायचे कारण म्हणजे घरातला 'कॉम्प्युटरवाला' मी. इंजिनिअरिंग केले, गेली दहा-बारा वर्षे सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण या विषयावर बोलायला माझ्याकडे आणखी एक पात्रता आहे. माझ्या अब्बांनी सत्तावीस वर्षे सहारच्या विमानतळावर काळी-पिवळी चालवली आणि माझे धाकटे मामू आठ वर्षांपासून अ‍ॅपवर गाडी चालवतात. दर ईदला शिरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या होण्याआधी या दोघांची जुंपलेली असते. अब्बा म्हणतात, अ‍ॅपवाल्यांनी आमचा धंदा खाल्ला. मामू म्हणतात, तुम्ही पॅसेंजरला इतका छळलात की तो आपल्या पायाने आमच्याकडे आला.

दोघांचेही खरे आहे. आणि दोघेही चुकीच्या माणसाशी भांडतात. गेली दहा वर्षे आपण सगळेच या भांडणात बाजू निवडत बसलो आणि मधल्या मधे एक वस्तू गायब झाली, तिच्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही. ती वस्तू म्हणजे मीटर.

शिशाचे सील

अब्बांच्या प्रीमियर पद्मिनीला मीटर बाहेरच्या बाजूला होता. पॅसेंजर बसला की हात बाहेर काढून मीटर पाडायचा. मीटरवर एक आकडा दिसायचा, आणि भाडे बघायला दरपत्रकाचा कागद. लहानपणी मी तो कागद पाठ केला होता. माझे पहिले पाढे तेच.

त्या मीटरला शिशाचे सील असायचे. वैधमापन खात्याने तपासून मारलेले. किराणा दुकानातला तराजू, पेट्रोल पंपाचे यंत्र आणि टॅक्सीचा मीटर, कायद्याच्या नजरेत तिन्ही एकाच जातीचे. २००९ च्या वैधमापन कायद्यापुढे ते 'माप' आहे, आणि माप ना दुकानदाराचे असते ना गिऱ्हाइकाचे. ते सरकारने तपासलेले, दोघांना दिसणारे, दोघांना बांधून ठेवणारे असते.

भाडे ठरवायचीही एक जाहीर पद्धत होती, आजही आहे. २०१२ मध्ये निवृत्त सनदी अधिकारी पी. एम. ए. हकीम यांच्या एकसदस्यीय समितीने सूत्र दिले, पुढे बी. सी. खटुआ समितीने ते नव्याने मांडले. गाडीची किंमत, इंधन, दुरुस्ती, विमा, चालकाच्या घरखर्चातली महागाई, असे सगळे त्यात येते. त्यावर ग्राहक संघटना आक्षेप घेतात, टॅक्सी युनियन आक्षेप घेते, वर्तमानपत्रांत वाद होतात आणि मग मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण दर जाहीर करते. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २८ वरून ३१ रुपये झाले, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १८.६६ ऐवजी २०.६६ रुपये. रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६. हा आकडा कमी आहे की जास्त, यावर भांडता येते. पण आकडा कुठून आला हे कोणालाही विचारता येते. विचारायला कार्यालय आहे, पत्ता आहे.

आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको की मापात मारणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक अख्खी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. बाजारात वजन-मापे तपासणारा मुहतसिब हा जुन्या मुस्लिम शहरांतला मानाचा अधिकारी होता. माप खोटे झाले की बाजार मोडतो आणि माणसांचा एकमेकांवरचा विश्वास मोडतो, ही समज आपल्याला नवी नाही.

आधी आपल्या घरातली धूळ

पण अब्बांच्या बाजूने लिहितो म्हणून त्यांच्या बिरादरीची पापे झाकणार नाही. काळी-पिवळीवाल्यांनी आपल्या हाताने मीटरची इज्जत घालवली. जवळचे भाडे नाकारायचे, हात हलवून 'नाही' म्हणायचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८(३) खाली भाडे नाकारणे हा गुन्हा आहे, पण तक्रार करायला वेळ कोणाकडे? विमानतळावर नवखा माणूस दिसला की लांबचा फेरा मारायचा. काहींनी मीटरमध्येच गडबड केली. दुबई, रियाध, मस्कतहून दोन-तीन वर्षांनी परतणारा कोकणातला माणूस रात्री दोन वाजता सामानाच्या खोक्यांसह बाहेर यायचा आणि पहिली लूट आपल्याच देशात, टॅक्सीच्या दारात व्हायची. अब्बा हे नाकारत नाहीत. "दहातले दोन चोर होते, आणि आठजण गप्प होते," असे ते म्हणतात.

आमच्या कल्याण-डोंबिवलीत तर मीटर ही वस्तू रिक्षात फक्त शोभेला. स्टेशनबाहेर शेअरमध्ये चौथा कोंबायचा, एकट्याला जायचे असेल तर तोंडाला येईल तो आकडा. रात्री अकराची लोकल पकडून उतरलेल्या मुलीला रिक्षावाला काय भाव सांगेल, हे त्या दिवसाच्या त्याच्या मूडवर. अशा वेळी फोनवर आधीच भाडे दाखवणारी, गाडीचा नंबर देणारी, दारात येणारी सोय आली. लोक तिकडे गेले याचे नवल कशाला? माझी आईसुद्धा गेली, टॅक्सीवाल्याची बायको असून.

म्हणून 'अ‍ॅप बंद करा' ही मागणी मला मान्य नाही. ती करून काय होते ते गोव्यात दिसते. तिथे ओला-उबर चालत नाहीत. सरकारने २०१८ मध्ये 'गोवा माइल्स' आणले, त्याला टॅक्सीवाल्यांनी विरोध केला. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि तिथल्या काउंटरवरून पुन्हा तेच. २०२५ मध्ये सरकारने अ‍ॅग्रिगेटरसाठी मसुदा काढला आणि आंदोलनापुढे माघार घेतली. ज्यांच्या पठारावर विमानतळ उभा राहिला त्या पेडण्याच्या माणसाने 'पहिला हक्क आमचा' म्हणणे मला पटते. आपल्याकडेही चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे अशा गावांची घरे उठली तेव्हा धावपट्टी झाली. पण हक्क मागणारा माणूस भाड्याची पावती द्यायला तयार नसेल, तर प्रवाशाच्या मनात त्याची प्रतिमा प्रकल्पग्रस्ताची राहत नाही, ती लुटारूची होते. मग त्याच्या रास्त मागणीकडेही कोणी बघत नाही.

दोन पडदे, दोन आकडे

आता मामूंच्या गाडीत बसू.

मागच्या सीटवरच्या प्रवाशाला त्याच्या फोनवर एक आकडा दिसतो. पुढच्या सीटवर मामूंच्या फोनवर दुसरा. एकाच गाडीत, एकाच फेरीत, दोन आकडे. मधला फरक कुठे गेला, किती कमिशन, किती कर, किती सवलत, हे त्या क्षणी दोघांपैकी एकालाही नीट सांगता येत नाही. तराजूचे एक पारडे गिऱ्हाइकाला दिसते, दुसरे विकणाऱ्याला, आणि काटा तिसऱ्याच्या खिशात. अब्बांच्या मीटरवर चोरी व्हायची ती पकडता तरी यायची. इथे चोरी होते की नाही, हेच तपासता येत नाही.

भाव कसा ठरतो? जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर यांना नोटीस पाठवली. एकाच फेरीला आयफोनवर एक भाडे आणि अँड्रॉइडवर दुसरे दाखवले जाते, अशा तक्रारी होत्या. दोन्ही कंपन्यांनी इन्कार केला. कदाचित त्यांचे खरेही असेल. पण मुद्दा बघा: देशाच्या ग्राहक प्राधिकरणालासुद्धा पत्र पाठवून विचारावे लागते. काळी-पिवळीचा मीटर तपासायला आरटीओचा माणूस गाडी एक किलोमीटर चालवून बघतो आणि मोकळा होतो.

त्याहून मजेशीर गोष्ट स्पर्धा आयोगापुढे घडली. अ‍ॅपच्या आडून चालक एकत्र येऊन भाव ठरवतात, अशी तक्रार होती. २०१८ मध्ये आयोगाने ती फेटाळली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. कारण साधे होते: चालकांनी आपसात काही ठरवलेलेच नाही, भाडे अल्गोरिदम ठरवतो. ठीक आहे. मग मला सांगा, जो आपल्या मालाचा भाव स्वतः ठरवत नाही, ज्याला आधीच ठरलेला भाव घ्यावा किंवा सोडावा लागतो, त्याला 'स्वतंत्र व्यावसायिक' आणि 'पार्टनर' कोणत्या तोंडाने म्हणायचे? कार्टेलचा आरोप आला की भाव यंत्राने ठरवला, आणि पीएफ-विमा मागितला की चालक स्वतंत्र धंदेवाला. सोयीप्रमाणे टोपी बदलली जाते.

जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या अ‍ॅप चालकांनी गाड्या बंद ठेवल्या, आझाद मैदानावर बसले. विमानतळावर प्रवासी ताटकळले. चालकांचे म्हणणे होते की सगळे कापून हातात किलोमीटरला ८ ते १२ रुपये पडतात. सप्टेंबरमध्ये राज्याने एसी कॅबसाठी किलोमीटरला २२.७२ रुपये हा दर सांगितला. हा आकडा आकाशातून पडला नाही. काळी-पिवळीचे २०.६६ आणि वर एसीचे दहा टक्के. म्हणजे अ‍ॅपच्या चालकाने जेव्हा न्याय मागितला, तेव्हा त्याला अब्बांच्या मीटरपाशीच यावे लागले! काही चालक तर अ‍ॅपवरचा आकडा बाजूला ठेवून सरकारी दराने पैसे मागू लागले आणि प्रवाशांशी दारात भांडणे झाली.

आमच्या पोरांसाठी हिशोब करून दाखवतो. तीस किलोमीटरची फेरी धरा. २२.७२ ने ६८१ रुपये. १२ ने ३६०. एका फेरीत ३२१ रुपयांचा फरक. आणि विमानतळावरून कल्याणला पॅसेंजर सोडला की परतीची गाडी बहुतेकदा मोकळी. सीएनजी तुमचा, टायर तुमचे, हप्ता तुमचा, ट्रॅफिक पोलिसाचा दंड तुमचा.

आता कंपन्या म्हणतात, कमिशन शून्य केले, दिवसाचे ठरावीक पैसे भरा आणि सगळे भाडे तुमचे. ओलाने जून २०२५ मध्ये हे देशभर लागू केले, रॅपिडोने त्याआधीच सुरू केले होते. हे बरे झाले, नाही असे नाही. पण कापणी बंद झाली तरी भाव ठरवणारा हात तोच आहे. कमी भावातले शंभर टक्के म्हणजे काय, ते शेतकऱ्याला विचारा.

'सिस्टिमने केले' म्हणजे कोणी?

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी मी घरपोच सामान पोहोचवणाऱ्या एका कंपनीच्या प्रणालीवर काम करत होतो. किती ऑर्डरी स्वीकारल्या त्यावर प्रत्येक मुलाला गुण मिळायचे आणि गुण एका आकड्याखाली गेले की त्याला काम कमी मिळायचे. एका दुपारी मीटिंगमध्ये ठरले की तो आकडा थोडा वर न्यायचा. मी एका फाइलमधली एक ओळ बदलली. दोन मिनिटांचे काम. मग चहा प्यायला गेलो. त्या रात्री किती घरांतली कमाई घटली, हे मी तेव्हा मोजले नाही. कोणी मोजायला सांगितलेही नाही.

पुढे मामूंचे खाते एका अ‍ॅपने अकरा दिवस बंद केले, तेव्हा मला ती ओळ आठवली. कारण कळले नाही. फोन केला तर यंत्र बोलायचे. कार्यालयात गेले तर सुरक्षारक्षक दारातून परत पाठवायचा. मामू मला विचारत होते, "बेटा, तू यातला आहेस. तिथे माणूस कुठे बसतो?" माझ्याकडे उत्तर होते, पण ते सांगायची लाज वाटली. माणूस माझ्यासारखाच कुठेतरी बसलेला असतो, एसीत, चहा पीत.

म्हणून माझ्या व्यवसायातल्या मित्रांना मी स्पष्ट सांगतो. 'अल्गोरिदमने ठरवले' हे वाक्य वापरणे बंद करा. अल्गोरिदम आपण लिहितो. ओला २०१० मध्ये आयआयटी मुंबईच्या दोन इंजिनिअरांनी सुरू केली, ती हुशारी आपल्याच मातीतली. दोन्ही पडद्यांवर एकच आकडा दाखवणे अवघड नाही, एका दिवसात होईल. ते होत नाही, कारण कोणीतरी ते न करण्याचे ठरवले आहे.

कायदा आहे, धाक नाही

सरकार झोपलेले आहे असेही म्हणता येत नाही. कागद भरपूर आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अ‍ॅग्रिगेटर आला आणि कलम ९३ खाली परवाना सक्तीचा झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आली. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला कंपन्यांना सांगावे लागले की आधी परवान्यासाठी अर्ज करा. ती याचिका एका प्रवासी महिलेची होती, अ‍ॅपवर तक्रारीला दाद मिळत नाही म्हणून केलेली. हेही लक्षात ठेवा: पहिला धक्का चालकाने दिला नाही, प्रवाशाने दिला.

महाराष्ट्राचे स्वतःचे धोरण यायला २० मे २०२५ उजाडला. त्यात चांगल्या गोष्टी आहेत. चालकाला भाड्याचे किमान ८० टक्के, गर्दीच्या वेळी मूळ दराच्या दीडपटीपर्यंतच वाढ, कारण नसताना फेरी रद्द केली तर दंड. पण धोरण आणि रस्ता यांच्यात अंतर किती? जुलै २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी स्वतः दुसऱ्या नावाने बाइक टॅक्सी बोलावून बघितली. परवानगी नसलेली बाइक थेट मंत्रालयापाशी हजर! बातमी छान झाली. मला मात्र प्रश्न पडला की खात्याचा मंत्रीच ग्राहक होऊन पकडायला लागत असेल, तर ठाण्याच्या सॅटिसखाली उभ्या माणसाने कोणाकडे जायचे? आणि त्यात पकडला जातो तो बाइकवरचा पोरगा. गाडी त्याची जप्त होते.

लंडनचा यासीन, आपला कोण?

जगात हे भांडण आपल्याआधी झाले आहे, आणि काही ठिकाणी जिंकलेही गेले. लंडनमधले उबर चालक यासीन अस्लम आणि जेम्स फॅरर न्यायालयात गेले. एक मुसलमान, एक गोरा. कंपनीचे म्हणणे, आम्ही फक्त सॉफ्टवेअर देतो. १९ फेब्रुवारी २०२१ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे चालक कंपनीचे कामगार आहेत. न्यायालयाने पाहिले काय? भाडे कोण ठरवते. कराराच्या अटी कोण लिहिते. फेऱ्या नाकारल्या तर शिक्षा कोण करते. प्रवाशाशी संबंध कोण तोडून ठेवते. चारही उत्तरे एकच होती. किमान वेतन आणि पगारी रजेचा हक्क त्यातून मिळाला.

दुसरी लढाई ॲमस्टरडॅमची. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने उबरला आणि आपल्या ओलालाही सांगितले की यंत्राने चालकाबद्दल निर्णय कसे घेतले, याची माहिती त्याला द्या. म्हणजे तिकडच्या चालकाला जे सांगणे ओलावर बंधनकारक ठरले, ते इथे मुंब्र्याच्या चालकाला विचारायचीही सोय नाही.

भारतातही वाट पडते आहे. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. कर्नाटकने २०२५ मध्ये केला, त्यात कामावरून काढण्याआधी कारण आणि चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम अशा कामगारांसाठी द्यायची तरतूद आहे. कामगार चळवळीचा अभिमान सांगणाऱ्या महाराष्ट्राने मागे का राहावे?

नाव दिसते, माणूस दिसत नाही

आपल्या पोरांसाठी यात आणखी एक काटा आहे. एप्रिल २०१८ मध्ये लखनौच्या एका माणसाने चालक मुसलमान आहे म्हणून कॅब रद्द केली आणि तसे अभिमानाने ट्विट केले. कंपनीने आपण भेदभाव मानत नाही असे उत्तर दिले, आणि ते चांगलेच केले. पण असे ट्विट न करता गुपचूप रद्द करणारे किती, हे कंपनीच्या सर्व्हरशिवाय कोणाला माहीत? अब्बांच्या टॅक्सीतही नावाचा बिल्ला होता. पण तो बसल्यावर दिसायचा, आणि बसल्यावर माणसे बोलायला लागतात. अब्बांच्या आयुष्यातल्या निम्म्या दोस्त्या सहार ते ठाणे या रस्त्यावर झाल्या.

सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितले होते की आपला समाज नोकरीपेक्षा स्वतःच्या हातावर जास्त जगतो आणि त्याला बँकेचे कर्ज कमी मिळते. म्हणून गाडी हा आपल्या पोरांचा मोठा आधार. आणि म्हणूनच मापाचा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा जास्त टोचतो. पण तो केवळ आपला नाही. २०१० मध्ये टॅक्सी परवान्यावरून मराठी-परप्रांतीय वाद पेटवला गेला. त्या वादातून ना मराठी टॅक्सीवाल्याचे भले झाले ना भय्याचे. आता आगरी प्रकल्पग्रस्त, उत्तर भारतीय जुना टॅक्सीवाला आणि मुंब्र्याचा अ‍ॅपवाला यांना नव्या विमानतळाच्या दारात एकमेकांवर सोडले, तर फायदा कोणाचा? ज्याच्या खिशात काटा आहे त्याचा.

मागायचे काय?

मी इंजिनिअर आहे, नुसत्या रागावर माझे समाधान होत नाही. म्हणून चार मागण्या लिहितो. वाचा, पटल्या नाहीत तर सुधारा.

पहिली, एक फेरी, एक पावती. प्रवाशाने दिलेले भाडे, कंपनीने घेतलेला हिस्सा, कर आणि चालकाच्या हातात आलेली रक्कम, चारही आकडे दोन्ही फोनवर एकाच वेळी दिसले पाहिजेत.

दुसरी, अ‍ॅपमधला मीटर हाही मीटर माना. किराणा दुकानाचा काटा तपासणाऱ्या वैधमापन खात्याला भाडे मोजणारे सॉफ्टवेअर तपासायचे अधिकार आणि माणसे द्या. आमच्यासारखी माणसे लागतील तर आम्ही यायला तयार आहोत.

तिसरी, कारण लिहून दिल्याशिवाय आणि एका जिवंत माणसाने ऐकून घेतल्याशिवाय चालकाचे खाते बंद करायचे नाही.

चौथी, विमानतळावर सगळ्यांना एक रांग, एक दर. काळी-पिवळी, स्थानिक प्रकल्पग्रस्त आणि अ‍ॅप, तिघेही जाहीर दरावर आणि तपासलेल्या मीटरवर. आणि त्या बदल्यात भाडे नाकारणे बंद. हे वचन टॅक्सीवाल्यांनी आधी द्यावे, मग मागावे.

याखेरीज एक काम आपल्या हातातले आहे. ज्या राज्यात १९५० मध्ये प्रवरेच्या शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यासोबत स्वतःचा साखर कारखाना उभा केला, त्या राज्यातल्या चालकांना स्वतःचे अ‍ॅप उभे करता येणार नाही? साखर कारखान्याला जमीन लागते, यंत्रे लागतात. अ‍ॅपला लागतात प्रामाणिक हिशोब आणि काही इंजिनिअर. सहकाराचे पुढे काय काय झाले ते मला माहीत आहे, कारखान्यांचे वाडे कोणाचे झाले तेही. तरीही चालकांच्या मालकीचे, भाव सभेत ठरवणारे अ‍ॅप हा करून बघण्यासारखा प्रयोग आहे. मुंब्रा-कल्याणमध्ये इंजिनिअर झालेली आपली मुले-मुली कमी नाहीत. दर आठवड्याला चार तास दिले तरी सुरुवात होते.

मावसभावाला मी सांगितले, "गाडी आत्ता घेऊ नकोस. तीन महिने मामूंची गाडी रात्री चालव. रोज वहीत लिही: प्रवाशाने किती दिले, तुला किती मिळाले, मोकळी किती धावली, गॅस किती गेला. तीन महिन्यांनी वही घेऊन ये, मग ठरवू."

तो नाराज झाला. पण वही त्याने आणली. पहिल्या पानावर त्याने चार रकाने आखले आहेत. 'प्रवाशाने दिले' हा रकाना निम्मा रिकामा आहे, कारण पॅसेंजर ऑनलाइन पैसे देतो आणि आकडा सांगत नाही. माझ्या भावाने तिथे प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

तुमच्या घरात, मोहल्ल्यात कोणी गाडी चालवत असेल तर त्यालाही एक वही द्या. आणि पुढच्या वेळी अ‍ॅपच्या गाडीतून उतरताना चालकाला तुमचा फोन दाखवा. "भाऊ, मी इतके दिले. तुम्हाला किती आले?" एवढेच विचारा. त्याचा रकाना भरेल.